दुष्काळाची बातमी इंग्रजीत वाचा : संदर्भातून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याची रीत

मराठवाड्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, टेबलावर इंग्रजी शब्दांची एक यादी हमखास सापडते. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोजचे तीस. मुलं ती मन लावून घोकतात. पण इंग्रजी संपादकीय वाचायला घेतलं की शब्द ओळखीचा वाटतो आणि वाक्य मात्र हाती लागत नाही. मग सगळं खापर मराठी माध्यमावर फुटतं. माझं मत स्पष्ट आहे : दोष माध्यमाचा नाही, यादीचा आहे. यादीतला शब्द एकटा असतो. तो कोणत्या शब्दांच्या शेजारी बसतो, कशाबद्दल वापरतात, कौतुकानं वापरतात की नाराजीनं, यातलं काहीच यादी सांगत नाही.

‘तुटपुंजा’ हा शब्द आपल्याला कुणी अर्थ सांगून शिकवला नव्हता. तुटपुंजा पगार, तुटपुंजी मदत, तुटपुंजं अनुदान असं ऐकत ऐकत तो आला, आणि म्हणूनच ‘तुटपुंजं घर’ असं आपण कधी म्हणत नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हीच गोष्ट नेमकी मांडली : शब्द कळतो तो त्याच्या संगतीवरून.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संदर्भावरून अर्थ लावायचा तर संदर्भ आधी कळायला हवा. लंडनच्या शेअर बाजारावरचा किंवा अमेरिकेतल्या निवडणुकीवरचा लेख घेऊन बसलात तर शब्दही नवा आणि विषयही परका. पण पावसानं ओढ देणं, टँकरच्या खेपा, धरणाचा मृतसाठा, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, वेरूळची लेणी हे विषय आपल्याला घरबसल्या ठाऊक आहेत. यांच्यावरचं इंग्रजी वाचताना अर्धा अर्थ तुमच्याजवळ आधीच असतो. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याची ही मोठी जमेची बाजू आहे आणि ती फारसं कुणी वापरत नाही. खालची सगळी पद्धत याच बाजूवर उभी आहे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. वाचताना पेन्सिल हातात ठेवा, आणि जो शब्द वहीत घ्यावासा वाटेल त्याचं स्पेलिंग शब्दकोशात शोधून स्वतःच्या हातानं लिहा. तेवढ्या शोधाशोधीनंही शब्द बराच पक्का होतो.

मजकूर कोणता घ्यायचा

इथे घाई करू नका, कारण बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. ‘इंग्रजी सुधारायचं तर मोठ्या इंग्रजी दैनिकाचं संपादकीय वाच’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. ज्याला प्रत्येक ओळीत तीन शब्द अडतात, त्याच्यासाठी तो सल्ला निरुपयोगी आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांनी एका सहकाऱ्यासोबत केलेला २०००चा अभ्यास सांगतो की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी फक्त दोन. बाकीचे ९८ मिळून त्या दोघांची ओळख करून देतात. अनोळखी शब्द पंधरा झाले तर ओळख करून द्यायला कुणी उरतच नाही.

म्हणून लेख हातात आला की पहिले शंभर शब्द वाचा आणि अडलेले मोजा. दोन-तीन असतील तर तो तुमच्या पातळीचा. चार-पाच असतील तर शब्दकोश जवळ ठेवून वाचता येईल. आठ-दहाच्या पुढे गेले तर तो लेख सहा महिन्यांनी घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी सुरुवातीची सगळ्यात चांगली सामग्री कोणती, असं मला विचाराल तर मी बालभारतीची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं सांगेन. आठवी ते दहावीचा भूगोल, इतिहास, विज्ञान. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर यांच्या पीडीएफ फुकट मिळतात. तुम्ही जे पुस्तक मराठीत शिकलात तेच इंग्रजीत असतं, त्यामुळे संदर्भ पूर्ण तुमचा. भूगोलात ‘वृष्टी’ शिकलात तिथे ‘प्रेसिपिटेशन’ येईल, ‘विदारण’ शिकलात तिथे ‘वेदरिंग’. मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून, आधी मराठी परिच्छेद आणि मग इंग्रजी, असं एक प्रकरण करून बघा. हे शब्द पुढे वर्तमानपत्रात वेगळ्या रूपात भेटतात. ‘द फेल्युअर ऑफ द मान्सून प्रेसिपिटेटेड अ क्रायसिस’ या वाक्यात वृष्टी कुठेच नाही, पण वरून खाली येऊन कोसळणं ही कल्पना तीच आहे : पाऊस पडला नाही आणि संकट कोसळलं. एकदा वृष्टीशी नातं जुळलं की हा दुसरा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

पाठ्यपुस्तकांनंतर पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, निवेदनं घ्या, कारण त्यांतली बरीचशी मराठीतही निघतात आणि दोन्ही शेजारी ठेवता येतात. त्यानंतर इंग्रजी दैनिकांमधल्या महाराष्ट्राच्या बातम्या, मग लांब वार्तापत्रं, आणि संपादकीय सगळ्यात शेवटी.

एकाच विषयात मुक्काम

रोज नवा विषय घेतला की रोज नवे शब्द येतात आणि कालचे पुन्हा भेटत नाहीत. त्याऐवजी दोन-तीन आठवडे एकाच विषयाला धरून राहा. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन याला नॅरो रीडिंग म्हणतात. एकाच विषयावरचे दहा लेख वाचले की त्याच विषयाचे ठरलेले शब्द आपोआप परत परत समोर येतात. पहिल्या लेखात अडखळलेला शब्द चौथ्या लेखापर्यंत ओळखीचा होतो आणि आठव्यात तुम्ही तो येणार हे आधीच ओळखता.

आपल्याकडे विषयांची कमी नाही. पाणी आणि दुष्काळ घ्या. बीडच्या ऊसतोड मजुरांचं स्थलांतर घ्या. किल्लारीचा १९९३चा भूकंप आणि त्यानंतरचं पुनर्वसन घ्या. जालन्याचं मोसंबी आणि मराठवाड्याचा केसर आंबा यांना मिळालेलं भौगोलिक मानांकन घ्या. शिल्प आणि इतिहासाची आवड असेल तर अजिंठा-वेरूळ, ज्यांना १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

वेरूळचंच बघा. कैलास लेण्याबद्दलच्या इंग्रजी लेखात ‘मोनोलिथिक’ हा शब्द येणारच. सोळाव्या क्रमांकाचं हे लेणं एकाच कातळातून, वरून खाली कोरत आणलं आहे हे आपण शाळेच्या सहलीतच ऐकलेलं असतं. त्यामुळे ‘कार्व्ह्ड फ्रॉम अ सिंगल रॉक’ हे शब्द शेजारी दिसताच अर्थ लागतो. मोनो म्हणजे एक, लिथ म्हणजे दगड. मराठीत एकाश्म. मग हाच शब्द राजकारणावरच्या लेखात भेटतो : ‘फार्मर्स आर नॉट अ मोनोलिथिक ब्लॉक’. शेतकरी म्हणजे एका दगडातून कोरलेला एकसंध गट नव्हे. कोरडवाहूवाला वेगळा, बागायतदार वेगळा. वेरूळ पाहिलेल्याला हा शब्द विसरणं अवघड आहे.

एक परिच्छेद, संथपणे

आता प्रत्यक्ष करून बघू. खालचा परिच्छेद सरावासाठी मीच बातमीच्या धर्तीवर लिहिला आहे.

‘आफ्टर अ प्रोलाँग्ड ड्राय स्पेल, फार्मर्स इन बीड अँड धाराशिव आर लेफ्ट विथ मीगर यील्ड्स. द मान्सून, विच हॅड अराइव्ह्ड ऑन टाइम, टर्न्ड इरॅटिक इन जुलै. अनलाइक द व्हिलेजेस ऑन द जायकवाडी कॅनॉल्स, द अपलँड तालुकाज रिमेन पार्च्ड, अँड वॉटर हॅज बिकम अ परेनिअल वरी. ऑफिशिअल्स हू टूर्ड द एरिया सेड टँकर्स वुड ऑग्मेंट द सप्लाय, बट रेसिडेंट्स डिसमिस्ड द व्हिजिट अ‍ॅज परफंक्टरी.’

पहिल्यांदा वाचताना कुठेही थांबू नका. शब्दकोश उघडू नका, अधोरेखितही करू नका. शेवटपर्यंत जा आणि स्वतःला मराठीत एका वाक्यात सांगा की बातमी काय आहे. पावसानं ओढ दिली, पीक हातचं गेलं, कालव्याखालची गावं सोडून बाकी कोरडी, अधिकारी येऊन गेले, लोक नाराज. एवढं जमलं की अर्धं काम झालं. आता दुसऱ्या वाचनात एकेका शब्दाशी थांबा.

‘ड्राय स्पेल’ला आपल्याकडे पावसाचा खंड म्हणतात. ‘प्रोलाँग्ड’मध्ये ‘लाँग’ दिसतोच आहे : लांबलेला खंड. त्याचा परिणाम म्हणून ‘यील्ड’, म्हणजे पिकाचा उतारा, ‘मीगर’ झाला. पावसाच्या मोठ्या खंडानंतर उतारा कसा असेल हे कुणाही शेतकऱ्याच्या पोराला विचारायला नको. कमी, आणि नुसता कमी नव्हे, पुरेसा नाही असा. म्हणजे आपला तुटपुंजा. मीगर इन्कम, मीगर सॅलरी, मीगर रिसोर्सेस ही त्याची संगत. इथे अर्थ मिळाला तो कारण आणि परिणाम यांच्या जोडीतून. ‘आफ्टर’, ‘बिकॉज’, ‘ड्यू टु’, ‘अ‍ॅज अ रिझल्ट’ हे शब्द दिसले की ती जोडी शोधायची.

‘इरॅटिक’ची खूण वेगळी आहे. मान्सून वेळेवर आला होता, पण जुलैमध्ये तो ‘टर्न्ड’, बदलला. म्हणजे हा शब्द वेळेवर येण्याच्या उलट बाजूला जातो. एक दिवस धो धो आणि पुढे पंधरा दिवस ऊन : लहरी, बेभरवशाचा. इरॅटिक पॉवर सप्लाय, इरॅटिक बिहेविअर. गावातली वीज आठवली तरी शब्द पक्का होईल.

‘अनलाइक’ हा शब्द सोन्यासारखा जपा. तो दिसला की पुढे विरोध आहे हे नक्की. एका बाजूला जायकवाडीच्या कालव्यावरची गावं, दुसऱ्या बाजूला बालाघाटाच्या माथ्यावरचे तालुके. कालव्याला पाणी, म्हणून माथ्यावर काय? ‘पार्च्ड’. करपलेलं, तहानलेलं. घसा कोरडा पडला तरी इंग्रजीत ‘पार्च्ड’च म्हणतात. ‘बट’, ‘दो’, ‘व्हेअरॅझ’, ‘डिस्पाइट’ यांचंही काम असंच.

‘परेनिअल’ शाळेत बारमाही नद्यांबरोबर आलेला असतो. इथे मात्र ती नदी नाही, काळजी आहे. बारा महिने वाहणारी काळजी, म्हणजे कायमचीच. शब्दाचा मूळ अर्थ सोडायचा नाही, तो नुसता थोडा ताणायचा.

‘ऑग्मेंट’ टँकर आणि पुरवठा यांच्या मधोमध बसला आहे. टँकरनं पुरवठ्याचं काय होतं? भर पडते. नुसतं वाढणं आणि भर घालणं यात फरक आहे. जे आधीच थोडंफार आहे त्यात बाहेरून टाकलं की ते ऑग्मेंट. म्हणून ऑग्मेंट द इन्कम बरोबर, पण पोराची उंची ऑग्मेंट होत नाही.

आणि आता ‘परफंक्टरी’. लोकांनी भेट ‘डिसमिस’ केली, म्हणजे हा शब्द चांगला नाही एवढं कळतं. पण त्यापुढे? खोटी भेट? उशिराची? अपमानकारक? संदर्भात हे सगळेच अर्थ बसतात. इथे संदर्भ दार दाखवतो, आत नेत नाही. अशा वेळी ठाम अंदाज करून पुढे जाणं धोक्याचं असतं, कारण चुकीचा अंदाज एकदा डोक्यात बसला की निघता निघत नाही. शब्दकोश सांगतो : कर्तव्य म्हणून उरकलेलं, मन न घालता केलेलं. म्हणजे आपण ज्याला पाट्या टाकणं म्हणतो ते. परफंक्टरी ग्लान्स, परफंक्टरी इन्स्पेक्शन, परफंक्टरी अपॉलॉजी. गाडीतून न उतरता केलेली पीकपाहणी डोळ्यांसमोर आणा आणि शब्द मिटवून टाका बघू.

प्रत्येक अनोळखी शब्दाला मनात तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हा शब्द नाव आहे, क्रिया आहे की गुण? वाक्याचा सूर त्याच्या बाजूनं आहे की विरोधात? आणि याच्या जागी एखादा सोपा शब्द टाकला तर वाक्य उभं राहतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मराठीत आलं तरी चालेल.

शब्दकोश कधी आणि कोणता

अंदाज आधी, शब्दकोश नंतर. हा क्रम मोडू नका. अंदाज करताना मेंदू शब्दाभोवतीचं सगळं वाक्य चाळतो, आणि ते चाळणं म्हणजेच शिकणं. थेट अ‍ॅपमध्ये शब्द टाकला तर मराठी अर्थ मिळतो, वाक्य निसटतं.

इंग्रजी-मराठी शब्दकोश वाईट नाहीत, पण एका शब्दासमोर पाच अर्थ ओळीनं देतात आणि कोणता घ्यायचा ते सांगत नाहीत. त्यासाठी ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांचे लर्नर्स, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे, शब्दकोश वापरा, ते ऑनलाइन मोफत आहेत. लाँगमनमधले अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेले असतात, म्हणून नवख्याला तो जास्त जवळचा. अर्थाखालची उदाहरणवाक्यं वाचल्याशिवाय पान बंद करायचं नाही. खरा माल तिथेच असतो.

बँकेत लोन ‘सँक्शन’ होतं हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे : मंजूर. मग परराष्ट्र धोरणावरच्या बातमीत एका देशानं दुसऱ्या देशावर ‘इम्पोज्ड सँक्शन्स’ असं दिसलं की गोंधळ उडतो. इथे मंजुरी नाही, निर्बंध आहेत. ओळखायचं कसं? आधी ‘इम्पोज’ आहे, शब्द अनेकवचनी आहे, पुढे ‘ऑन’ आहे. तसाच ‘ओव्हरसाइट’. समिती ‘ओव्हरसाइट’ करते तेव्हा ती देखरेख असते, आणि यादीतून नाव ‘ड्यू टु अ‍ॅन ओव्हरसाइट’ राहून गेलं असेल तर ती नजरचूक. यादी पाठ करणारा इथेच फसतो, आणि परीक्षेत नेमके असेच शब्द विचारतात.

शब्दाची फोड हा अंदाज पडताळायचा चांगला मार्ग आहे, पण एकटीच्या भरवशावर चालू नका. ‘मॅल’ म्हणजे वाईट हे कळलं की मॅलन्यूट्रिशन, मॅलप्रॅक्टिस, मॅलाइन एका दमात हाती येतात. पण ‘इन’ म्हणजे नकार असं धरून चाललात तर हायवेवरच्या पेट्रोल टँकरवर लिहिलेलं ‘हायली इन्फ्लेमेबल’ वाचून तो पेटत नाही असं वाटेल. आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य.

वहीचं पान

यादीची वही बंद करून संदर्भाची वही सुरू करा. एका शब्दाला किमान अर्धं पान. वर मूळ वाक्य जसंच्या तसं, कुठे वाचलं ते आणि तारीख. खाली शब्दाची संगत, म्हणजे तो ज्यांच्यासोबत येतो अशा तीन-चार जोड्या. मग जवळचे शब्द आणि त्यांच्यातला फरक. मग स्वतःचं वाक्य, खऱ्या माणसांबद्दलचं आणि खऱ्या घटनेबद्दलचं. मराठी अर्थ सगळ्यात शेवटी, तोही एका कोपऱ्यात.

‘अलेव्हिएट’ हा शब्द घेऊ. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ही गोष्ट लातूरकर विसरलेले नाहीत. त्या गाडीनं टंचाई संपली का? नाही. टंचाईची कारणं तशीच राहिली, फक्त लोकांची तगमग कमी झाली. ‘द वॉटर ट्रेन अलेव्हिएटेड द शॉर्टेज.’ इथे ‘सॉल्व्ह्ड’ लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. अलेव्हिएट म्हणजे त्रास सुसह्य करणं. त्याची संगत पेन, सफरिंग, पॉव्हर्टी, शॉर्टेज यांच्याशी, म्हणजे नेहमी कसल्या तरी त्रासाशी. आता शेजारचे दोन शब्द. ‘मिटिगेट’ म्हणजे होणाऱ्या किंवा होऊ शकणाऱ्या हानीची तीव्रता घटवणं : शेततळी, ठिबक, पिकांची फेरपालट यांनी दुष्काळाचा फटका मिटिगेट होतो. ‘इरॅडिकेट’ म्हणजे मुळासकट उपटणं : देवी रोग इरॅडिकेट झाला, दुष्काळ होत नाही. तीन शब्द एका लातूरवर लावून घेतले की परीक्षेत चार पर्यायांतून योग्य तो निवडताना हात थरथरत नाही.

आठवड्याला असे पंधरा शब्द पुष्कळ झाले. रोजचे तीस घोकणाऱ्याला हा वेग कमी वाटेल. वाटू द्या. आणि सगळेच शब्द वहीत घ्यायचे नाहीत. पंधरवड्यात दोनदा भेटलेला शब्द घ्या, एकदाच भेटलेला सोडून द्या, कामाचा असेल तर तो परत येईल. न्यूझीलंडच्याच एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासविषयक लेखनात सगळीकडे वापरली जाणारी ५७० शब्दकुळं (एका मुळापासून निघालेल्या शब्दांचे गट) काढून दिली आहेत, अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट या नावानं. ती पाठ करू नका. आपल्या वहीतला शब्द त्यात आहे का, एवढं बघायला वापरा. असेल तर तो आधी पक्का करा.

सूर ओळखणं

प्रगत शब्दसंग्रह म्हणजे अवघड शब्द नव्हेत. एकाच गोष्टीच्या चार शब्दांमधला सूर ओळखता येणं, हे खरं प्रगत. काटकसरी आणि चिक्कू हे दोन्ही शब्द कमी खर्च करणाऱ्यालाच लावतात, पण सासऱ्यांसमोर कोणता वापरायचा हे आपल्याला सांगावं लागत नाही. ‘फ्रूगल’ आणि ‘स्टिंजी’ यांत तोच फरक.

याचा उत्तम सराव आपल्याच इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थानातली निजामाची राजवट संपली तो दिवस. त्या दिवसाला आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणतो. इंग्रजीत त्या घटनेबद्दल वाचायला घ्या आणि कोण कोणता शब्द वापरतो ते टिपत जा. ‘लिबरेशन’ म्हणणारा निजामाच्या राजवटीतून सुटका झाली असं सांगतो. ‘इंटिग्रेशन’ म्हणणारा देश जोडला गेल्याकडे बघतो. ‘अ‍ॅनेक्सेशन’ म्हणणारा बळानं जोडून घेतलं असं सुचवतो. सरकारी भाषेत ती ‘पोलिस अ‍ॅक्शन’ होती, आणि लष्करी मोहिमेचं नाव ऑपरेशन पोलो. ‘अ‍ॅक्सेशन’ हा कायद्याचा शब्द, संस्थानाच्या सामीलनाम्यासाठीचा. घटना एकच, पण प्रत्येक शब्द लिहिणाऱ्याची बाजू सांगून जातो. लेखकाचा दृष्टिकोन काय, असा प्रश्न उताऱ्याखाली आला की उत्तर बहुतेक वेळा अशाच एखाद्या शब्दात दडलेलं असतं. वहीत शब्दाशेजारी एक छोटी खूण करा : अधिक, उणे किंवा शून्य.

उजळणी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगानं होतं आणि मग मंदावतं, असं त्यांना दिसलं. त्यांनी प्रयोगासाठी मुद्दाम अर्थहीन अक्षरगट वापरले होते. संदर्भ सोडून घोकलेले शब्द जवळजवळ तसेच असतात. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्यानं, तीन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी. उजळणीत अर्थ वाचायचा नाही. मूळ वाक्यात शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवून तो आठवायचा. अँकी नावाचं अ‍ॅप अँड्रॉइडवर फुकट आहे आणि अंतर तेच ठरवतं. नसेल तर पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे तुकडेही तितकेच कामाचे.

वापर

वाचून ओळखता येणारा शब्द लिहिताना सुचतोच असं नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत. रोज रात्री पाच ओळी लिहा : आज बाजार समितीत काय भाव निघाला, एसटी किती उशिरा आली, मेसच्या भाजीचं काय झालं. त्यात या आठवड्यातले फक्त दोन शब्द बसवा. जास्त कोंबले की लिखाण नाटकी होतं, आणि तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

लिहिलेली जोडी बरोबर आहे का अशी शंका आली तर ती अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. चांगल्या वृत्तपत्रांत ती सापडली तर ठेवा, नाहीतर बदला. फोनवरच्या एआयचाही उपयोग आहे, पण त्याला अर्थ विचारू नका, वाक्यं मागा : ‘परफंक्टरी हा शब्द वापरून सरकारी कार्यालय, लग्न आणि क्रिकेट यांवर प्रत्येकी दोन वाक्यं दे.’ मग ती वाक्यं शब्दकोशातल्या उदाहरणांशी ताडून बघा. अभ्यासिकेतला एखादा जोडीदार गाठून आठवड्यातून एकदा एकमेकांच्या वह्या बदलल्या तर आणखी चांगलं. दुसऱ्याच्या वाक्यात खटकणारी संगत आपल्याला पटकन दिसते.

परीक्षेच्या कागदावर

बँकेच्या परीक्षेत गाळलेल्या जागांचा उतारा येतो तेव्हा पर्यायांकडे आधी बघू नका. पूर्ण उतारा जागा रिकाम्या ठेवून वाचा, प्रत्येक जागी मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत काय बसेल ते मनात ठरवा, आणि मगच पर्याय बघा. पर्याय आधी वाचले की चारही बरोबर वाटू लागतात. ‘उताऱ्यात वापरलेल्या अर्थानं जवळचा शब्द’ असा प्रश्न असेल तर यादीतला पहिला अर्थ हा बहुधा सापळा असतो. शब्द ज्या ओळीत आहे तिथे जा, आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचा, पर्याय तिथे ठेवून पाहा.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला अनिवार्य इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा असतो. त्याचे गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पण २५ टक्के मिळाल्याशिवाय बाकीचे पेपर विचारात घेतले जात नाहीत. त्यातल्या सारांशलेखनात संदर्भाची वही थेट उपयोगी पडते, कारण तिथे दहा शब्दांचं काम एका नेमक्या शब्दानं करायचं असतं : ‘लोकांचा त्रास थोडा कमी करणारे उपाय’ याऐवजी ‘अलेव्हिएट’, ‘मनापासून न केलेली पाहणी’ याऐवजी ‘परफंक्टरी इन्स्पेक्शन’. सराव म्हणून आठवड्यातून एकदा कुठल्याही तीनशे शब्दांच्या बातमीचा शंभर शब्दांत सारांश लिहा. मूळ बातमीतले शब्द जसेच्या तसे उचलू नका, वहीतले वापरा, आणि घड्याळ लावून लिहा.